घोड्याचा ट्रेलर घ्यायचाय, डीलर 'कॅश प्राइस' म्हणतोय, अजून किती खाली येईल?

पागेतली_आई

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळाच आहे, इथे कुणाला अनुभव असेल की नाही माहीत नाही पण विचारून बघते. आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. मुलगी १४ ची, सहा वर्षं रायडिंग करतेय आणि मागच्या वर्षी तिच्या हट्टापायी (आणि तिच्या बाबाच्या छुप्या पाठिंब्यामुळे) घोडा घेतला. १५.१ हँडचा (म्हणजे साधारण पाच फूट उंच) क्वार्टर हॉर्स जातीचा, स्वभावाने गरीब, ऑब्रीला एका बार्नमध्ये बोर्डिंगला असतो. आत्तापर्यंत शोला जायचं म्हणजे ट्रेनरच्या ट्रेलरमध्ये जागा मागायची, पहाटे चारला निघायचं आणि शेवटच्या मुलीचा क्लास संपेपर्यंत उन्हात बसून राहायचं. तेही चाललं असतं. पण मागच्या महिन्यात घोड्याला रात्री कॉलिक (जोराची पोटदुखी) झालं, डॉक्टर म्हणाली हॉस्पिटलला हलवा, आणि मी रात्री ११ ला ओळखी-अनोळखी लोकांना फोन करत होते की कुणाचा ट्रेलर मिळेल का. मिळाला शेवटी, घोडा बरा आहे, पण त्या दिवशी ठरवलं की आता आपला घ्यायचा.

तर वेदरफर्डच्या बाजूला एका डीलरकडे बघून आलो. टू-हॉर्स, स्लँट लोड (घोडे आत तिरके उभे राहतात), बंपर पुल (पिकअपच्या मागच्या हिचला जोडायचा), पूर्ण अ‍ॅल्युमिनियम, पुढे खोगीर-सामानाची छोटी टॅक रूम. पाटी २३,९०० डॉलरची, त्याच्या वेबसाइटवर 'कॅश प्राइस' २१,९००. आम्ही म्हटलं कॅशनेच घेणार, आता बोला. तर म्हणाला हीच कॅश प्राइस, यात आधीच डिस्काउंट आहे. मग कागदावर लिहून दिलं त्यात फ्रेट (कारखान्यातून आणायचा खर्च) ९५०, प्रेप (ट्रेलर तयार करून द्यायचे) ३९५, डॉक्युमेंट फी १५०, वर टॅक्स आणि टायटल, म्हणजे सगळं मिळून २४,९०० च्या आसपास! पाटीपेक्षा जास्त!! वर म्हणे टॅरिफमुळे अ‍ॅल्युमिनियम महागलंय, पुढचा लॉट अजून महाग येणार, आत्ताच घ्या.

नवऱ्याचं म्हणणं की बँकेतून खरोखरच्या नोटा काढू, टेबलवर गड्ड्या ठेवू, म्हणजे तो बरोबर खाली येईल. मला हे काही झेपत नाहीये. कॅश म्हणजे नोटाच न्यायच्या असतात का? आणि घासाघीस किती करायची, इथे लोक करतात का? ओढायला फोर्डचा एफ-१५० पिकअप आहे.

लाल_माती_ह्युस्टन

ताई, तुम्ही पहिल्याच वाक्यात कॅशने घेणार म्हणून सांगून टाकलंत ना, तिथेच घोडं पेंड खातंय. आपल्या डोक्यात बसलंय की रोख म्हटलं की दुकानदार खूश. इथे उलटं आहे. तुम्ही लोन काढलंत तर डीलरला त्यात वेगळे पैसे सुटतात, बँकेने समजा ८ टक्क्यांनी द्यायची तयारी दाखवली तर तो तुम्हाला साडेनऊ सांगतो आणि मधल्या फरकातला वाटा त्याच्या खिशात जातो, शिवाय वॉरंटी-बिरंटी, इन्शुरन्स जे काय फायनान्सच्या टेबलवर चिकटवतात ते वेगळंच. कॅशवाला गिऱ्हाईक म्हणजे हे सगळं गेलं. मग तो किमतीत कशाला सोडेल?

आणि ट्रेलरच्या धंद्यात वेबसाइटवर 'कॅश प्राइस' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की क्रेडिट कार्ड वापरू नका, कार्डावर त्याला ३ टक्क्यांच्या आसपास भुर्दंड बसतो. म्हणजे ती किंमत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठीच आहे, ती सुरुवात धरायची, शेवट नाही.

आता खरी नस कुठे आहे ते सांगतो. डीलरच्या आवारात ते जे चकाकणारे ट्रेलर ओळीने उभे असतात ना त्यात बहुतेकांत पैसा फायनान्स कंपनीचा असतो, फ्लोअर प्लॅन म्हणतात त्याला. जितके दिवस ट्रेलर उभा तितके दिवस व्याज, आणि ठरावीक महिन्यांत विकला गेला नाही तर मुद्दलही थोडं थोडं परत करायला लागतं. म्हणून नुकताच आलेला ट्रेलर आणि दीड वर्ष धूळ खात पडलेला ट्रेलर, पाटी एकच असली तरी डीलरच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. तर तुम्ही परत जा आणि आधी त्याचं वय काढा. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या अर्ध्या भागात कंपनीचं लेबल असतं, त्यावर कुठल्या महिन्यात बनवला ते लिहिलेलंच असतं. विन नंबरातलं (गाडीचा ओळख क्रमांक) दहावं अक्षर मॉडेल इयर सांगतं, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५. आणि टायरवर DOT या अक्षरांच्या पुढे जो नंबर असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३५२३ असेल तर २०२३ चा पस्तिसावा आठवडा. हे तिन्ही फोटो काढून ठेवा मग बोलू.

फ्रेट ९५० वाचून मात्र हसू आलं. सनडाऊनर, फोर-स्टार, एक्सिस सगळ्यांचे कारखाने शेजारी ओक्लाहोमात आहेत, तुमचा ट्रेलर तिथला असेल तर तो काय बोटीने आला का?

आकडेमोड_काकू

मी न्यू जर्सीत टॅक्सचं काम करते, घोड्यातलं काही कळत नाही, पण त्या गड्ड्यांबद्दल वाचून राहवलं नाही. अगं बाई, नोटा नेऊ नका. धंदेवाल्याने १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख घेतली तर त्याला १५ दिवसांत आयआरएसकडे (इथलं इन्कम टॅक्स खातं) फॉर्म ८३०० भरायला लागतो, तुझं नाव-पत्ता-नंबर सगळं घेऊन. त्यात बेकायदेशीर काही नाही, पैसे पांढरे असतील तर भरू दे की, पण डीलरला ती एक कटकट असते, नोटा मोजा, बँकेत नेऊन भरा, त्यामुळे गड्डी बघून त्याला उमाळा येईल हा गैरसमज आहे.

आणि हे नीट वाच: दहा हजारांच्या वर जायला नको म्हणून ९,५०० आज, ९,५०० परवा असं तोडून तोडून द्यायचं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. फॉर्म चुकवायला रक्कम तोडणं हाच मुळात गुन्हा आहे, पैसे कितीही सरळमार्गी असले तरी. अजून एक बारीक गोष्ट, अशा मोठ्या खरेदीत १०,००० किंवा त्याच्या आतले कॅशियर्स चेकसुद्धा 'रोख' म्हणून मोजले जातात, म्हणून दोन छोटे चेक करण्यापेक्षा पूर्ण रकमेचा एकच कर. पर्सनल चेक आणि वायर रोखीत धरत नाहीत. सगळ्यात सरळ म्हणजे वायर, पण अकाउंट नंबर ईमेलमधून जसाच्या तसा उचलायचा नाही, डीलरच्या पाटीवरच्या नंबरला फोन करून तोंडी पडताळून घ्यायचा. माझ्या एका क्लायंटचे याच भानगडीत पैसे गेलेत.

सारंगखेड्याचा_नातू

मी पुण्यात असतो, अमेरिका बघितलेली नाही, पण धागा बघून थांबलोच. आमचं मूळ गाव शहाद्याकडचं, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो तिथे आजोबांचं बोट धरून दर वर्षी जायचो. तिथे सौदा तोंडाने व्हायचाच नाही. हेडी लोक (जनावरांचे व्यापारी) उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचे, आजूबाजूला चार जण उभे असले तरी कुणाला पत्ता नाही किती ठरलं. आजोबा एकच करायचे, एकदा बोट दाबलं की गप्प. समोरचा कसमे-वादे करतोय, घोड्याचे दात दाखवतोय, आईची शप्पथ घेतोय आणि आजोबा तंबाखू मळतायत. आणि जमेना तर उपरणं झटकून खरंच चालायला लागायचे, नुसतं दाखवायला नाही. किती वेळा हेडी चहाच्या टपरीपर्यंत मागे यायचा!

तिथे रोख चालते कारण तो बाजारच रोखीवर उभा. पण आता आपल्याकडेही २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड. बाकी आमच्याकडे घोडा न्यायला पिकअप आणि खाली भुसा. २४ हजार डॉलर म्हणजे इथे किती घोडे येतील हिशेब करत बसलोय 😅

खोगीर_आणि_मी

मी ओहायोमध्ये आहे, स्वतःचे दोन घोडे, तीन ट्रेलर आजवर वापरून झालेत. ताई, किंमत मागाहून, आधी तुमच्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा. जाहिरातीत ओढायची ताकद काहीही लिहिलेली असू दे, आपल्याला तिथला पेलोडचा, म्हणजे पिकअपवर एकूण किती वजन लादता येतं तो आकडा पाहिजे. टू-हॉर्स बंपर पुल बहुतेक ३,५०० पौंडाचे दोन अ‍ॅक्सल म्हणजे एकूण ७,००० पौंडाचा असतो. भरल्यावर त्याचं १० ते १५ टक्के वजन हिचवर येतं, म्हणजे पूर्ण भरला तर ७०० ते १,०५० पौंड, आणि ते पेलोडमधून वजा होतं, शिवाय तुम्ही तिघं, खोगिरं, पाण्याचे कॅन. सगळे एफ-१५० सारखे नसतात. पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) आहे का तेही बघा, नसेल तर तो सौद्यात मागा.

मागायच्या गोष्टींची हीच गंमत आहे. किमतीत ५०० सोडायला डीलर रडतो, पण स्पेअर व्हील, रबर मॅट, हिचचा बॉल, ब्रेक कंट्रोलर बसवून देणं, हे त्याला आतल्या भावात पडतं म्हणून पटकन हो म्हणतो. आणि तुम्हाला ते लागणारच आहे, स्पेअरशिवाय घोडा घेऊन हायवेवर जायचं म्हणजे काय ते मी इंडियानात एकदा भोगलंय, ३८ डिग्री, दोन घोडे आत, आणि मी रस्त्याच्या कडेला.

नवीन असला तरी मॅट उचलून जमीन बघा, पार्टिशनच्या कड्या स्वतः उघड-बंद करून बघा, एका हाताने उघडतात का, कारण दुसऱ्या हातात दोर असणार. ब्रेकअवे स्विचची, म्हणजे ट्रेलर पिकअपपासून सुटला तर बॅटरीवर त्याचे ब्रेक लावणाऱ्या बटणाची, पिन ओढून चाकं खरंच अडतात का ते त्याच्यासमोर बघा. उभा राहून राहून बॅटरी मेलेली असते.

हिशेबी_माणूस

लाल माती म्हणतायत ते बरोबर आहे पण मग त्याचाच फायदा का घेऊ नये? मी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेताना तेच केलं. फायनान्स करतो म्हटलं, किंमत पाडून घेतली, आणि दोन हप्ते भरून सगळं कर्ज फेडून टाकलं. आधी फक्त बघून घ्यायचं की लवकर फेडल्याचा दंड नाही ना. काही ठिकाणी तर वेबसाइटवरची स्वस्त किंमत फायनान्स केलं तरच असते, खाली बारीक अक्षरात.

आणि टेक्सासमध्ये शेतीच्या ट्रेलरला टॅक्स माफ असतो असं ऐकलंय, घोडा म्हणजे जनावरच की, बघा जमतंय का.

आकडेमोड_काकू

@हिशेबी_माणूस टॅक्सचं तेवढं सोडा भाऊ. ती सूट शेतीसाठी वापरणाऱ्याला असते, हौसेचा शोचा घोडा त्यात बसत नाही, आणि खोटं सर्टिफिकेट देऊन चौदाशे डॉलर वाचवायला जाऊ नका. टेक्सासचा ६.२५ टक्के द्यायचाच. ओक्लाहोमातून आणला तरी टेक्सासमध्ये नावावर करताना काउंटीत तेवढाच भरावा लागेल, तेव्हा टॅक्ससाठी सीमा ओलांडायची गरज नाही, किंमत कमी मिळत असेल तर जरूर ओलांडा.

लाल_माती_ह्युस्टन

@हिशेबी_माणूस ते लोन घेऊन लगेच फेडायचं कागदावर ठीक आहे, पण सुरुवातीच्या महिन्यांत कर्ज फिटलं तर बँक डीलरकडून त्याचं कमिशन परत घेते, आणि ट्रेलरचा डीलर म्हणजे कारसारखा नाही, बेअरिंगला ग्रीस करायला, ब्रेक बघायला, वॉरंटीला परत त्याच्याच दारात जायचंय. मला तरी नको वाटतं. कुणाला चालत असेल त्याने करावं.

ताई तुम्ही फक्त एक शब्द पाठ करा, आउट द डोअर. म्हणजे फ्रेट, प्रेप, डॉक्युमेंट, टॅक्स, टायटल सगळं धरून गेटच्या बाहेर पडताना किती. तुटक आकड्यांवर बोलायचंच नाही, एकीकडे ५०० सोडतो आणि दुसरीकडे प्रेप म्हणून ३९५ घेतो. आणि कॅशचा विषय आता काढू नका, एकदम शेवटी काढा.

पागेतली_आई

बाप रे, तुम्ही सगळे किती भारी आहात. शनिवारी परत गेलो, नवऱ्याला ताकीद दिली होती तोंड उघडायचं नाही म्हणून.

लेबल सापडलं. ०४/२४! दहावं अक्षर आर. टायरवर ०८२४. म्हणजे बनून दीड वर्षाच्या वर झालंय. आणि गंमत म्हणजे टॅक रूममध्ये खोगिराच्या रॅकच्या मागे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, चांगलं मुठीएवढं, चाकांच्या खाली गवत पिवळं पडून परत हिरवं आलेलं. ब्रेकअवेची पिन ओढली, काहीही झालं नाही, बॅटरी पार मेलेली. दाराच्या चौकटीवर पेलोड १,७४० निघाला, म्हणजे आम्ही तिघं आणि एक घोडा आरामात.

टॅरिफचं विचारलं मी. अ‍ॅल्युमिनियमवर २५ टक्के लागले मार्च २०२५ मध्ये आणि जूनमध्ये ५० झाले, हा तर एप्रिल २०२४ चा, याच्यात टॅरिफ कुठून आलं? तो हसला आणि म्हणाला तुम्ही अकाउंटंट आहात का. (काकू, तुमच्या वतीने मी हो म्हटलं असतं.) आउट द डोअर विचारलं तर २४,२०० म्हणाला. मी २२,००० म्हटलं. तो नाही म्हणाला. आजोबांची आठवण काढून उठले. टपरीपर्यंत कुणी आलं नाही हो मागे 😄 आता काय करू? डिसेंबर चालू आहे.

खोगीर_आणि_मी

काहीही करू नका. डिसेंबरात घोड्याचा ट्रेलर कोण घेतंय? वसंतात शो सुरू व्हायच्या आधी झुंबड असते, तेव्हा तो तुमच्याशी बोलणारही नाही. आत्ता त्याच्याकडे वर्षाचा शेवट आहे आणि जानेवारी लागला की त्याच ट्रेलरला तो 'दोन वर्षं जुनं मॉडेल' म्हणून विकणार. एक छोटा ईमेल टाका, आकडा आणि तारीख लिहून, ३१ तारखेपर्यंत पैसे वायरने एकरकमी, एवढंच. आणि मधल्या काळात ओक्लाहोमातल्या एक-दोन डीलरकडून तसल्याच ट्रेलरचा लेखी भाव मागवून ठेवा, खोटा नको, खरा.

पागेतली_आई

झालं एकदाचं! सगळं सांगते, कारण तुमच्यामुळेच झालंय.

ओक्लाहोमातून एक लेखी भाव आला, तसाच ट्रेलर, २०२५ चा, फ्रेट शून्य, टॅक्स धरून आम्हाला २३,१०० पडला असता. तो मी जसाच्या तसा पाठवला आणि खाली लिहिलं की तुमचा २०२४ चा आहे, बॅटरी गेलेली आहे, आम्हाला जवळ पडतो म्हणून तुमच्याकडून घ्यायची इच्छा आहे, २२,५००, ३१ पर्यंत वायर. चार दिवस चिडीचूप. मी रोज सकाळी उठून फोन बघायचे, नवरा म्हणायचा आता २३ ला हो म्हण. २९ ला दुपारी त्याचाच फोन आला. म्हणाला २३,४००. मी काहीच बोलले नाही, खरंच सांगते त्यात धोरण-बिरण काही नव्हतं, कुकरची शिट्टी चालू होती आणि मी गॅस बंद करायला गेले होते. परत फोन कानाला लावला तर तो म्हणत होता, ओके, फ्रेट आणि प्रेप काढून टाकतो, २२,६५०, स्पेअर व्हील आणि नवीन बॅटरी माझ्याकडून. रबर मॅट मागितल्या, त्या होत्याच आत. ब्रेक कंट्रोलर आमच्या पिकअपमध्ये आधीपासून निघाला, मागायचा प्रश्नच राहिला नाही. टायर मात्र बदलून द्यायला तयार झाला नाही, दीड वर्ष म्हणजे चालतात म्हणाला, आणि खोगीर ताईंनीही मेसेजमध्ये तेच सांगितलं म्हणून सोडून दिलं.

अकाउंट नंबर फोन करून पडताळला, ३० ला वायर केली, ३१ ला सकाळी जाऊन आणला. नवऱ्याला अजून वाईट वाटतंय की गड्ड्या मोजायला मिळाल्या नाहीत. सोसायटीत ट्रेलर उभा करायला परवानगी नाही म्हणून तो बार्नवरच ठेवलाय.

आता नवीन प्रॉब्लेम. साहेब ट्रेनरच्या ट्रेलरमध्ये मुकाट चढायचे, आमच्यात चढत नाहीत. पहिल्या दिवशी रॅबिटसारखे कान करून दारातूनच आत बघितलं, नाकाने जोरात फुर्रकन हवा सोडली आणि मागे. मुलगी आत गवत ठेवून बसते, पुस्तक वाचत. आज चौथा दिवस, पुढचे दोन पाय आत येतात, गवत खाऊन होतं आणि परत बाहेर. ज्यांना लोडिंगचं कळतं त्यांनी थांबा, वेगळा धागा काढते.